नाव, आकडा आणि तारीख : साठीनंतरच्या आनंदाचा हिशेब

नाशिकच्या गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी फेऱ्या संपवून बाकावर टेकलेल्या मंडळींमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं. कोणी विचारतं, "काय म्हणता, कसं काय?" आणि उत्तर येतं, "चाललंय. आता काय राहिलंय आपलं!" बोलणाऱ्याला खरंच तसं वाटत असतं असंही नाही. बऱ्याचदा ती नुसती बोलायची रीत असते. फार खुशीत आहोत असं सांगणं आपल्याकडे जरा आगाऊपणाचं वाटतं.

पण रोज म्हटलेलं वाक्य हळूहळू मनात मुरतं. "साठी बुद्धी नाठी" ही म्हण आपण लहानपणी दुसऱ्यांबद्दल ऐकलेली असते. तेव्हा ती गंमत वाटते. साठी उलटली की तीच म्हण स्वतःला लागू होते, आणि चष्मा सापडला नाही तरी पुरावा मिळाल्यासारखं वाटतं.

अमेरिकेच्या ओहायो राज्यात ऑक्सफर्ड नावाचं छोटं गाव आहे. तिथे १९७५ पासून पन्नाशीपुढच्या लोकांचा एक दीर्घ अभ्यास झाला. "वय वाढतं तसे आपण कमी उपयोगाचे होतो" अशा विधानांशी ते सहमत आहेत का, हे त्यांना विचारलेलं होतं. येल विद्यापीठाच्या बेका लेव्ही यांनी त्यातल्या ६६० जणांची उत्तरं आणि पुढच्या दोन दशकांतला त्यांचा जीवनकाल ताडून पाहिला आणि २००२ मध्ये निष्कर्ष मांडला. स्वतःच्या म्हातारपणाकडे चांगल्या नजरेने पाहणारे इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले होते. वय, आर्थिक स्थिती, एकटेपणा, सुरुवातीची शारीरिक क्षमता हे सगळं हिशेबात धरूनही फरक उरला. अशा अभ्यासातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. तरीही "आता काय राहिलंय" हे वाक्य सोडून द्यायला एवढं पुरेसं आहे.

सोडायचं म्हणजे काय करायचं, इथे बहुतेक सल्ले गडबडतात. "सकारात्मक राहा", "आनंदी राहा", "देवाने दिलंय त्यात समाधान माना". झोप न येणाऱ्याला "झोपा" म्हणण्यासारखंच हे. कृतज्ञता, आशा आणि आत्मविश्वास या तिन्ही गोष्टी भावना म्हणून मनात आणायला गेलं की येत नाहीत, आणि आल्या नाहीत की माणूस स्वतःलाच दोष देतो. त्या नेमक्या केल्या की येतात. आत्मविश्वासाला आकडा लागतो, कृतज्ञतेला नाव लागतं, आशेला तारीख लागते. आणि क्रमही हाच ठेवावा असं माझं ठाम मत आहे. सुरुवात मनापासून करायची नाही, पायांपासून करायची.

आधी पाय

घसरून पडण्याची भीती हा म्हातारपणातला आत्मविश्वास खाणारा सगळ्यात मोठा किडा आहे. त्याचं चक्र असं चालतं. एकदा तोल जातो, कधी कधी पडणंही होत नाही, नुसता तोल जातो. मग माणूस जिना टाळतो. जिना टळला की देऊळ, भाजी, मित्राचं घर टळतं. चालणं कमी झालं की मांडीचे स्नायू वाळतात. स्नायू वाळले की तोल आणखी जातो. भीती खरी ठरते, आणि ती खरी ठरायला भीतीच कारणीभूत असते. हे चक्र तोडल्याशिवाय कृतज्ञतेची वही उघडून फारसं काही होत नाही, कारण चार भिंतींत बसलेल्या माणसाच्या वहीत लिहायला रोज नवं येणार कुठून?

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये 'मला हे जमेल' या विश्वासाचे चार उगम सांगितले: स्वतः करून जमल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच माणसाला ते जमताना पाहणं, विश्वासातल्या माणसाचा शब्द आणि शरीराची त्या वेळची अवस्था. यात पहिला सगळ्यात भक्कम. म्हणून शाबासकीपेक्षा मोजता येईल अशी छोटी कामगिरी जास्त कामाची.

सुरुवात खुर्चीपासून करा. हात नसलेली, सरळ पाठीची, साधारण १७ इंच म्हणजे ४३ सेंटिमीटर उंचीची खुर्ची घ्या. ती भिंतीला टेकवून ठेवा. गुळगुळीत फरशीवर मोकळी ठेवलेली खुर्ची मागे सरकते, आणि तिथेच अपघात होतो. प्लास्टिकची खुर्ची नको, तिचे पाय फाकतात. सोफा तर नकोच. पाय खांद्यांइतके फाकवून तळवे जमिनीवर, दोन्ही हात छातीवर आडवे घडी करून विरुद्ध खांद्यांवर. आता ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून पूर्ण बसणं किती वेळा होतं ते दुसऱ्याला मोजायला सांगा. हाताचा आधार घ्यावा लागला तर त्या दिवसाचा आकडा शून्य धरायचा. त्यात कमीपणा काही नाही, ती फक्त सुरुवातीची नोंद.

तुलनेसाठी आकडे हवे असतील तर अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने वापरात आणलेले हे आकडे घ्या. ६० ते ६४ वयात पुरुषांचे १४ आणि स्त्रियांचे १२ यापेक्षा कमी झाले तर ते सरासरीखाली. ६५ ते ६९ मध्ये १२ आणि ११. सत्तरी ते चौऱ्याहत्तर १२ आणि १०. पंचाहत्तर ते एकोणऐंशी ११ आणि १०. ऐंशी ते चौऱ्याऐंशी १० आणि ९. पण शेजाऱ्याशी तुलना करू नका, स्वतःच्या मागच्या आकड्याशी करा.

व्यायाम म्हणून करताना ३० सेकंदांची घाई नको. पाच वेळा उठबस, दोन मिनिटं विश्रांती, पुन्हा पाच, आठवड्यातून तीन दिवस. जमत नसेल तर बसायच्या जागी घट्ट उशी ठेवून उंची दोन-तीन इंच वाढवा, आणि दोन आठवड्यांनी उशी काढा. चुका ठरलेल्या असतात. पहिली, श्वास रोखून धरणं. त्याने रक्तदाब चढतो, म्हणून उठताना श्वास सोडायचा आणि मोठ्याने आकडा म्हणायचा, म्हणजे श्वास आपोआप सुटतो. दुसरी, खाली बसताना धपकन पडणं. सावकाश बसण्यातच मांडीचं खरं काम होतं. तिसरी, जेवल्याबरोबर करणं.

उठल्याबरोबर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर व्यायाम थांबवून आधी रक्तदाब तपासा. पाच मिनिटं आडवं पडल्यावर एकदा, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त घसरला तर डॉक्टरांना दाखवा. बऱ्याचदा औषधाचा डोस किंवा वेळ बदलावी लागते. ज्याला आपण 'वयामुळे घाबरटपणा आला' म्हणतो, तो कधी कधी रक्तदाबाच्या गोळीचा परिणाम असतो. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.

तोलासाठी स्वयंपाकघराचा ओटा उत्तम. ओट्याला हात लागेल इतक्या अंतरावर उभं राहून आधी पावलं जुळवून १० सेकंद, मग एक पाऊल अर्धं पुढे, मग एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून सरळ रेषेत, आणि शेवटी एका पायावर. तिसऱ्या पायरीवर १० सेकंद टिकता येत नसेल तर पडण्याचा धोका जास्त आहे असं समजा आणि घरात लगेच बदल करा. संडासात आणि न्हाणीघरात भिंतीत पक्का बसवलेला दांडा (टॉवेल लावायची नळी वजन पेलत नाही), पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर मंद दिवा, आणि घरात मागे पट्टा असलेली चप्पल. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. रामकुंडाच्या बाजूच्या पायऱ्यांवर पाणी ओसरल्यावर शेवाळ राहतं, तिथे कठडा किंवा कोणाचा तरी हात धरूनच उतरा. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी सांधे आखडवते. पहाटे पाचला बाहेर पडायची मर्दुमकी नको, ऊन आल्यावर निघा.

"बाबा, राहू द्या, मी करतो"

या वाक्यामागे प्रेम असतं, म्हणूनच त्याचा धोका लक्षात येत नाही. मुलगा बिल भरतो, सून भाजी आणते, नातू मोबाइल हातातून घेऊन दोन सेकंदांत काम करून परत देतो. एकेक काम असं निसटत जातं आणि वर्षभराने माणसाला वाटायला लागतं की आपल्याला काहीच येत नाही.

१९७६ मध्ये एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात एक प्रयोग केला. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं, तुमच्या खोलीची मांडणी तुम्ही ठरवा, हे रोप तुम्ही निवडा आणि त्याला पाणी तुम्ही घाला. दुसऱ्या मजल्यावरच्यांनाही रोपं दिली, पण त्यांची काळजी कर्मचारी घेतील असं सांगितलं. तीनच आठवड्यांत पहिल्या मजल्यावरचे लोक जास्त उत्साही आणि वावरते दिसले. प्रयोग लहान होता, एकाच संस्थेतला होता. पण त्यातली गोष्ट कोणत्याही घरात करून पाहता येते.

म्हणून घरातलं एक काम आपल्या नावावर ठेवा, आणि ते खरं काम असू द्या. मन रमवायला दिलेलं लुटुपुटुचं काम लगेच ओळखू येतं. दुधाचा हिशेब, कुंड्या, विजेचं बिल, घरातल्या सगळ्यांच्या औषधांची यादी, यातलं काहीही. मुलांना स्पष्ट सांगा, "हे मी करणार. चुकलं तर मीच निस्तरणार." मुलांनीही चूक दिसली तरी एकदा गप्प बसावं.

मोबाइलचंही तसंच. शिकवणाऱ्याने फोनला हात लावायचा नाही, हा एकच नियम पाळला तरी अर्धं काम होतं. पायऱ्या आपल्या हाताने वहीत लिहायच्या, "हिरवं बटण, मग तिसऱ्या ओळीतलं चित्र" अशा आपल्या भाषेत. पैसे पाठवायचा सराव घरातल्याच माणसाला एक-एक रुपया पाठवून करा, दहा वेळा. आणि एक गोष्ट पाठच करा: पैसे द्यायला पिन लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. "पैसे जमा करतो, पिन टाका" म्हणणारा चोर आहे. एवढं पक्कं ठाऊक असलं की फोनची धास्ती बरीच उतरते.

नाशिकमध्ये आणखी एक अडचण दिसते. नोटांची प्रेस, ओझरचा एचएएल विमान कारखाना, एकलहऱ्याचं वीज केंद्र, बँका, शाळा, इथून निवृत्त झालेल्यांची संख्या मोठी. तीस-पस्तीस वर्षं लोक हुद्द्याने ओळखत होते. निवृत्तीनंतर हुद्दा जातो आणि आत्मविश्वासही बरोबर जातो, कारण तो हुद्द्यालाच टांगलेला होता. इलाज जुन्या आठवणी सांगत बसण्यात नाही, पुन्हा कशात तरी नवशिके होण्यात आहे. गंगापूर धरणाच्या बाजूला १९८९ मध्ये स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, आणि सत्तरीतला विद्यार्थी तिथे अप्रूपाचा नाही. १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे. नवं शिकताना पहिले तीन-चार आठवडे डोकं चालत नाही असं वाटतं. तेव्हाच बहुतेक जण सोडतात. वाढत्या वयात शिकण्याचा वेग कमी होतो, शिकण्याची क्षमता संपत नाही. म्हणून वेळ दुप्पट धरा आणि सहा आठवड्यांच्या आत निकाल लावू नका.

मग वही

कृतज्ञतेबद्दल ढीगभर लिहिलं गेलंय, त्यातलं बरंचसं गुळमट आहे. मूळ प्रयोग मात्र साधे आहेत. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहिल्या. काहींनी कृतज्ञता वाटलेल्या, काहींनी कटकटीच्या. पहिला गट जास्त समाधानी निघाला आणि व्यायामही जास्त करू लागला. त्याच अभ्यासात स्नायूंचा आजार असलेल्या प्रौढांनी २१ दिवस रोज लिहिलं, तेव्हा त्यांची झोपही सुधारली. २००५ मध्ये मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी 'दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी आणि त्या का घडल्या' असं फक्त एक आठवडा लिहायला लावलं. त्याचा गुण सहा महिन्यांनीही दिसत होता, मुख्यतः ज्यांनी आपणहून लिहिणं चालू ठेवलं त्यांच्यात.

या सगळ्यात 'का' हा शब्द महत्त्वाचा. "घर आहे, मुलं चांगली आहेत, देवाची कृपा" अशी यादी चौथ्या दिवशी कोरडी पडते. खरंच कोरडी पडते, आणि मग लोक म्हणतात की याने काही होत नाही. नोंद अशी हवी: "समोरच्या फ्लॅटमधल्या मुलाने सिलिंडर आत आणून ठेवला. मी बोलावलं नव्हतं, त्याने दार उघडं पाहून स्वतः विचारलं." किंवा "आज भाकरी पातळ आणि मऊ होती, दाताला त्रास झाला नाही. सूनबाईने माझ्यासाठी दोन वेगळ्या थापल्या." यात माणूस आहे, त्याने काय केलं ते आहे, आणि का केलं तेही आहे. असं लिहायचं तर दिवसभर डोळे उघडे ठेवावे लागतात, आणि गुण येतो तो मुख्यतः त्या पाहण्याचा.

शंभर पानी वही, जाड टोकाचं पेन, रात्रीच्या जेवणानंतरची वेळ. बातम्या पाहून झाल्यावर नको, त्याआधी. पहिला आठवडा रोज तीन नोंदी. त्यानंतर आठवड्यातून एकदा किंवा दोनदा पुरे. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. रोज केलं की ते नित्यनेमाच्या पोथीसारखं ओठांवरून जातं, मनाला लागत नाही. डोळ्यांना त्रास असेल तर फोनवर बोलून ठेवा, किंवा जेवताना घरात प्रत्येकाने एक गोष्ट सांगायची असं ठरवा. नातवंडं यात सगळ्यात तरबेज निघतात.

आपल्याकडे एक घोटाळा हमखास होतो. कृतज्ञता म्हटलं की 'उपकार' आठवतात, आणि उपकार म्हटलं की फेडण्याचं ओझं. "मुलगा एवढं करतो, आणि मी त्याला भार झालोय" ही कृतज्ञता नव्हे. अशी नोंद लिहून झाल्यावर मन जड होत असेल तर वाक्य बदला: "मुलाने आज दवाखान्यात तीन तास काढले, कारण त्याला माझी काळजी आहे." पुढचं भाराचं शेपूट तोडून टाका. दुसरा घोटाळा म्हणजे दुसऱ्याच्या दुःखाकडे पाहून समाधान मानणं. "त्याला तर अर्धांगवायू झाला, आपण बरे" यातून मिळतो तो दिलासा, आणि तो भीतीच्या कडेवर बसून येतो. तिसरा सगळ्यात वाईट: नुकताच जोडीदार गेलेल्या माणसाला "जे आहे त्याबद्दल आभार मान" सांगणं. कृपा करून असं करू नका. दुःखाला त्याचा वेळ द्यावा. महिने गेल्यावर, त्या माणसाच्या आपणहून, गेलेल्या जोडीदाराबद्दलच्या नोंदी वहीत आल्या तर त्या सगळ्यात मोलाच्या असतात.

महिन्यातून एकदा पत्र लिहा. ज्याचे आभार मानायचे राहून गेले असा माणूस निवडा: शाळेतल्या बाई, पाळीवरचा जोडीदार, आजारपणात डबा देणारी शेजारीण, धाकटा दीर. एक-दीड पान. त्यांनी नेमकं काय केलं, तेव्हा आपली अवस्था काय होती, त्याने पुढे काय झालं. मग शक्य असेल तर समोर बसून स्वतः वाचून दाखवा. सेलिगमन यांच्या त्याच अभ्यासात या भेटीने सगळ्यात जास्त आनंद दिला, पण तो साधारण महिनाभर टिकला, तीन महिन्यांनी ओसरलेला होता. म्हणून दर महिन्याला नवा माणूस. घरातल्यांना पत्र लिहिणं अवघड जातं, विशेषतः नवऱ्याने बायकोला. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात 'आभार' हा शब्दच परका वाटतो. तो शब्द नका वापरू. "तू त्या वर्षी ट्यूशन घेतल्यास म्हणून घराचे हप्ते फिटले" एवढं म्हटलं तरी पोचतं.

तारीख

आशावादाबद्दल थोडक्यात. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या परिचारिकांच्या आणि माजी सैनिकांच्या दोन मोठ्या, दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासांतून दिसलं की सर्वांत आशावादी लोक सर्वांत कमी आशावादी लोकांपेक्षा सरासरी ११ ते १५ टक्के जास्त जगले. पण आशावाद म्हणजे "सगळं छान होईल" असं घोकणं नव्हे. गॅब्रिएल ओटिंगन यांनी खुब्याच्या सांध्याची शस्त्रक्रिया झालेल्यांचा अभ्यास केला. आपण बरे होऊ अशी साधार अपेक्षा ठेवणारे लवकर सावरले, नुसती सुखद स्वप्नं रंगवणारे मागे पडले. स्वप्नातच काम झाल्यासारखं वाटतं आणि अंगातला जोर ढिला पडतो.

त्यांनीच पुढे एक पद्धत मांडली, ती चार शब्दांत बसते: इच्छा, फळ, अडथळा, तोड. उदाहरण घेऊ. इच्छा: मे महिन्यात गोदाघाटावरच्या वसंत व्याख्यानमालेला यंदा जायचं. फळ: विचाराला खाद्य, जुने चेहरे. अडथळा: रात्री परतायला उशीर, मध्येच लघवीला जावं लागतं, खाली बसता येत नाही. इथे थांबून अडथळा प्रामाणिकपणे लिहायचा. बहुतेक जण "वेळ मिळत नाही" लिहितात, आणि खरा अडथळा लाजेचा असतो. मग तोड 'जर-तर'च्या भाषेत: "जर खुर्ची मिळणार नसेल, तर अर्धा तास आधी पोचून कडेची जागा धरीन. संध्याकाळी पाचनंतर चहा घेणार नाही. परतीला रिक्षावाल्याला आधीच सांगून ठेवीन." एवढं झालं की कॅलेंडरवर तारीख लिहायची.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेहमी तीन तारखा पुढे लिहिलेल्या असाव्यात: एक या आठवड्यातली, एक या महिन्यातली, एक तीन महिन्यांच्या आतली. दवाखान्याची तारीख यात धरायची नाही. नाशिकमध्ये तारखांना तोटा नाही. कुसुमाग्रजांच्या गावात २७ फेब्रुवारी, रंगपंचमीच्या रहाडी (रंगाच्या पाण्याचे जुने हौद, काठावरून पाहिले तरी चालतं), द्राक्षांच्या दिवसांत एखाद्या मळ्यावरची सकाळ, श्रावणात त्र्यंबक. ब्रह्मगिरीची फेरी झेपत नसेल तर कुशावर्तापर्यंतच. एसटीत ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट आणि ७५ पूर्ण झाल्यावर राज्यात मोफत प्रवास आहे, ओळखपत्र जवळ ठेवा.

रोजच्या चुकांचा अर्थ कसा लावतो यातही आशा आणि निराशा असते. ओळखीच्या माणसाचं नाव आठवलं नाही. "डोकं गेलं आता" हा एक अर्थ. "काल झोप झाली नव्हती, आणि हा माणूस दहा वर्षांनी भेटला" हा दुसरा. पहिल्यात एका घटनेवरून कायमचा निकाल दिलाय. दुसरा बहुतेक वेळा जास्त खरा असतो, म्हणून तो घ्यायचा. पण रोजच्या रस्त्यावर वाट चुकणं, हिशेब सारखे चुकणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं असं होत असेल तर तिथे आशावाद दाखवू नका, तपासणी करून घ्या.

वहीने भागत नाही तेव्हा

दोन आठवडे सलग कशातच रस न वाटणं, पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा झोप न लागणं, भूक आणि वजन उतरणं, कारण न सापडणारी अंगदुखी, सारखी चिडचिड, "माझ्यावाचून काही अडत नाही" असं बोलणं. म्हातारपणातलं नैराश्य बऱ्याचदा रडण्यातून दिसत नाही, दुखण्यातून दिसतं. हा आजार आहे आणि तो या वयातही बरा होतो. डॉक्टरांकडे वयस्करांसाठीची १५ हो-नाही प्रश्नांची चाचणी असते, पाच मिनिटं लागतात. बरोबर थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या. शाकाहारी लोकांत आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ कमी होतं, आणि त्याने थकवा, विसराळूपणा, उदासी तिन्ही येतात. कानही तपासा. ऐकू येत नाही म्हणून गप्प बसणारा माणूस घरच्यांना रुसलेला वाटतो, आणि हळूहळू तो खरंच एकटा पडतो.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ सकाळी आठ ते रात्री आठ असते. घरात छळ किंवा उपेक्षा होत असेल तर तिथेही सांगता येतं. अशा घरात राहणाऱ्या माणसाला कृतज्ञतेची वही देणं हा अन्याय आहे. त्याला आधी संरक्षण हवं, आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याने तो त्याचा हक्क आहे.

सुरुवात करायची तर येत्या रविवारी करा. वहीच्या पहिल्या पानावर खुर्चीचा आकडा आणि तारीख. दुसऱ्या पानावर तीन नोंदी, प्रत्येकीत एक नाव. कॅलेंडरवर तीन तारखा. सहा आठवड्यांनी त्याच खुर्चीवर, तीच भिंत पाठीशी धरून, सकाळच्या त्याच वेळी पुन्हा मोजा आणि आकडा पहिल्या पानावरच, जुन्याच्या खाली लिहा. दोन-तीनने वाढला असेल तर उशी असेल ती काढा, नसेल तर पाचाच्या जागी सात करा. तेवढाच राहिला असेल तर दिवस किती चुकले ते पाहा, बहुतेक तिथेच उत्तर असतं. कमी झाला असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. "अशक्तपणा वाटतो" असं मोघम सांगण्यापेक्षा "नऊचे सहा झाले, या तारखेपासून" असं सांगितलं की त्यांनाही नेमकं शोधता येतं.